पाचांची मनाई आणि दहांची अट

शासनाचा कोणताही मनाई हुकूम अखेर एका आकड्यापाशी येऊन थांबतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम लागू करण्यात आले, तेव्हा तो आकडा पाचाचा होता. पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी एकत्र जमावयाचे नाही, असा तो हुकूम. तो हिंदू-मुसलमान, श्रीमंत-गरीब असा कोणताही भेद करीत नव्हता आणि म्हणूनच तो न्याय्य आहे, असे आपण सर्वांनी गृहीत धरले. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकविली जाते. ती अशी की, कराचा दर सर्वांना सारखा असला म्हणून त्याचा भार सर्वांवर सारखा पडतो असे नाही. मिठावरील एक पैशाचा कर लक्षाधीशाच्या ध्यानातही येत नाही. मजुराच्या घरात तो हिशेबात धरावा लागतो. जमावबंदीच्या आकड्याचेही असेच असते काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. साथ ओसरून काही वर्षे लोटली आहेत. आता तो शांतपणे विचारावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात मराठी बोलणारा असा एक समाज आहे की, ज्याच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हजर असावेच लागतात. नऊ जण जमले तर प्रार्थना होते, परंतु ती एकेकट्याची, समाजाची नव्हे. धर्मग्रंथाचे जाहीर वाचन होत नाही आणि मृतांच्या स्मरणार्थ म्हणावयाचे ‘कद्दीश’ म्हणता येत नाही. या दहांच्या समूहाला ‘मिन्यान’ असे नाव आहे. हा समाज म्हणजे अर्थातच बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. कायद्याने घातलेली कमाल मर्यादा चारांची आणि धर्माने घातलेली किमान अट दहांची, असा हा पेच होता. देवळातील नित्यपूजा एकटा पुजारी बंद दाराआड करू शकतो. चर्चमधील उपासना धर्मगुरू एकटा करू शकतो. मोठ्या धर्मांच्या बाबतीत मनाईने गर्दी गेली, पण कर्म राहिले. या लहान समाजाच्या बाबतीत कर्मच थांबले.

दोघांचा वल्हांडण

नाशिकरोडला आमच्या वसाहतीत असे एक कुटुंब राहते. कुटुंब म्हणजे दोनच माणसे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा इस्रायलमध्ये, आणि काकांच्या थोरल्या भावाचे बिऱ्हाड ठाण्याला. दरवर्षी चैत्राच्या सुमारास हे दोघे वल्हांडण सणासाठी ठाण्याला भावाकडे जात. मिसर देशातील दास्यातून यहुद्यांच्या पूर्वजांची सुटका झाली, तिच्या स्मरणाचा हा सण. निघण्याची घाई एवढी होती की, पीठ आंबून फुगावयास अवधी मिळाला नाही. म्हणून आठ दिवस आंबविलेले काही खावयाचे नाही, बेखमीर भाकरी खावयाची. ठाण्यातील ‘शाआर हशामाइम’ हे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे. सकाळी तेथील प्रार्थना आणि रात्री भावाच्या घरी पंधरा-वीस माणसांची पंगत, असा या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

२०२० साली वल्हांडणाची पहिली रात्र ८ एप्रिल रोजी आली. प्रवासी गाड्या मार्चच्या २२ तारखेपासून बंद होत्या; जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. नाशिककरांना तो पंधरवडा आठवत असेल. २ तारखेची रामनवमी काळारामाच्या मंदिरात भक्तांविना झाली. चैत्रातील कामदा एकादशीला पंचवटीतून निघणारे रामरथ आणि गरुडरथ त्या वर्षी जागचे हलले नाहीत. ६ तारखेची महावीर जयंती, १० तारखेचा गुड फ्रायडे, सारेच घरात. मालेगावात तर त्याच सुमारास साथीने असे उग्र रूप धारण केले की, सारा जिल्हा धास्तावून गेला. त्या दिवसांत सण कसला, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची भावना होती, आणि ती चुकीची नव्हती.

काकांनी त्या रात्रीची हकीकत पुढे मला सांगितली. वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीच्या विधीला ‘सेदेर’ म्हणतात. ताटात बेखमीर भाकरी, कडू भाजी, खजुराचा गोड लगदा असे पदार्थ मांडावयाचे आणि ‘हगादा’ नावाच्या पोथीतून सुटकेची कथा वाचावयाची. ही पोथी मराठीतही आहे. मुंबईत १८४६ मध्ये ती शिळाछापावर छापली गेली आणि पुण्यात १८७४ मध्ये तिची सचित्र आवृत्ती निघाली. तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. कथेचा आरंभ एका प्रश्नाने होतो. घरातील सर्वांत लहान मुलाने विचारावयाचे की, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? उत्तर म्हणून वडीलधाऱ्यांनी सारी कथा सांगावयाची.

घरात मूल नसेल तर काय करावयाचे, याचाही विचार त्या धर्मशास्त्राने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. मूल नसेल तर पत्नीने प्रश्न विचारावा. तीही नसेल, माणूस अगदी एकटा असेल, तर त्याने तो स्वतःला विचारावा. मात्र प्रश्न वगळावयाचा नाही. काका म्हणाले, “सर, इतक्या वर्षांत आमच्याकडे हा प्रश्न हिने कधी विचारला नव्हता. विचारायला लहान मूल कोणी ना कोणी असायचंच. त्या रात्री हिने विचारला, आणि मला पुढचं पान लवकर सापडेना.”

मुलाशी बोलणे सूर्यास्तापूर्वीच उरकले होते, कारण सण लागल्यावर टेलिफोनला हात लावावयाचा नाही. इस्रायलमध्येही त्या रात्री घराबाहेर पडण्यास बंदी होती. एका घरात राहणाऱ्यांनीच काय तो सेदेर करावयाचा होता. दूरच्या आप्तांना पडद्यावर पाहत विधी करण्यास तेथील काही रब्बींनी वृद्ध आणि एकाकी माणसांसाठी मुभा दिली; मुख्य रब्बींनी तिला विरोध केला. नाशिकरोडच्या या दोघांना त्या वादाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांनी भावाच्या घरच्या पंगतीची आठवण काढली आणि दोनच पाने मांडली.

आणखी एक गोष्ट काका जाता जाता बोलले. सेदेरच्या आरंभी जो भुकेला असेल त्याने यावे आणि आमच्याबरोबर जेवावे, असे मोठ्याने आवाहन करण्याचा प्रघात आहे. त्याच महिन्यांत मुंबई-आग्रा महामार्गावरून शेकडो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन आपापल्या मुलखाकडे पायी चालले होते. विटा भाजणारी माणसे एका रात्रीत पीठ उचलून निघाली, ही हजारो वर्षांपूर्वीची कथा बंद घरात वाचली जात होती, आणि तिचेच एक रूप आपल्या शहरावरून चालत पुढे जात होते. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतील तरुणांच्या हाती भाजी-भात पाठविण्यास सुरुवात केली.

दारे झाकून जगलेला धर्म

घरातल्या घरात धर्म पाळणे बेने इस्रायलांना नवे नाही. परंपरा अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी पत्करला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अशी त्यांची आडनावे झाली. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनामंदिर उभारले. आपण रोज ज्या ‘मस्जिद’ स्थानकाचे नाव घेतो, ते याच ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे सांगतात. म्हणजे त्यापूर्वीची कित्येक शतके या समाजाला प्रार्थनामंदिरच नव्हते. होते ते घर.

या काळाच्या खुणा त्यांच्या सणांच्या जुन्या मराठी नावांत राहिल्या आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात ती नोंदविली आहेत. वल्हांडणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबट पदार्थाचे मडके. ते या दिवसांत झाकून ठेवावयाचे. मिसर देशाची कथा विस्मरणात गेली होती, पण आंबलेले झाकावयाचे हे गृहिणीच्या हाताला आठवत होते. सणाआधी घराला चुना काढावयाचा आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून घ्यावयाची, ही चालही त्याच स्मृतीची. प्रायश्चित्ताचा जो महान दिवस, योम किप्पुर, त्याला ‘दारफाळणीचा सण’ असे नाव होते. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, उपवास करून, दारे लावून घरात बसावयाचे आणि परक्याचा संपर्क टाळावयाचा. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडावयाची, दानधर्म करावयाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटावयाचे.

हे वाचून कोणी म्हणेल की, मग अडचण काय? जो समाज दारे लावून सण साजरा करतो, त्याला टाळेबंदीचे काय भय? हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, पण तो टिकणारा नाही. कोकणात ज्या घरांनी हा धर्म सांभाळला, ती माणसांनी भरलेली घरे होती. आजा-आजी, भाऊ-भावजया, मुले, शेजारच्या वाड्यातील भाऊबंद, अशी दहा माणसे एका ओटीवर सहज जमत. आज ते घर उरलेले नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात वीस हजारांहून अधिक यहुदी होते. आज ही संख्या पाच हजारांच्या आसपास मानली जाते. बहुतेक कुटुंबे इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावी जाऊन वसली. मागे राहिलेली घरे दोन-दोन, एक-एक माणसांची झाली. घर ओस पडत गेले तसतसा प्रार्थनामंदिराचा आधार वाढत गेला. मोठ्या कुटुंबाला जे ओटीवर मिळत असे, ते आता शनिवारी आणि सणाला ठाण्याच्या अगर मुंबईच्या मंदिरातच मिळते. म्हणून मंदिर बंद झाले, तेव्हा या समाजाचे कुटुंबच बंद झाले. दारफाळणी आणि टाळेबंदी यांत आणखीही एक फरक आहे: दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण येतो. टाळेबंदीला शिळा सण कधी येणार, हे कोणी सांगू शकत नव्हते.

पन्नासांना मुभा, दहांना नाही

एप्रिल २०२० मधील बंदी योग्यच होती, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. काका-काकूंच्याही मनात नव्हती. जीव वाचविण्यासाठी जवळजवळ प्रत्येक धर्माज्ञा बाजूस सारावी, हे त्यांच्या धर्मशास्त्राचे सुस्पष्ट वचन आहे. माझी तक्रार बंदीविषयी नसून तिच्या शिथिलीकरणाविषयी आहे. बंदी घालताना शासनाने सर्वांना एका मापाने मोजले; ती उठविताना मात्र अनेक मापे निघाली.

त्या काळातील आदेशांचा क्रम आठवून पाहा. २०२० च्या उन्हाळ्यातच विवाहसमारंभाला पन्नास आणि अंत्ययात्रेला वीस माणसांची मुभा मिळाली. ५ ऑगस्टपासून मोठी व्यापारी संकुले उघडली. २७ सप्टेंबरच्या सायंकाळी दारफाळणीचा सण लागला, तेव्हा प्रार्थनामंदिरे बंदच होती. त्यानंतर आठवड्याभरात, ५ ऑक्टोबरला, उपाहारगृहे आणि मद्यगृहे निम्म्या क्षमतेने सुरू झाली. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे. मंदिरे, मशिदी, चर्च आणि यहुद्यांची मंदिरे उघडण्यास १६ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीचा पाडवा, उजाडावा लागला. ज्या दिवशी एखाद्या कार्यालयात पन्नास माणसे लग्नाची पंगत झोडू शकत होती, त्या दिवशी शेकडो माणसांसाठी बांधलेल्या मंदिरात दहा माणसे अंतर राखून उभी राहू शकत नव्हती. या दहांमुळे साथ वाढेल आणि त्या पन्नासांमुळे वाढणार नाही, असे कोणत्या शास्त्राने सिद्ध केले होते?

हा भेद कोठून आला, हे समजून घेतले पाहिजे. त्या वेळी मद्यालये उघडी आणि देवालये बंद असा मोठा गलबला झाला, घंटा वाजल्या, पत्रे लिहिली गेली, आणि दोन्ही बाजूंनी त्याचे राजकारण केले. त्या गोंगाटात खरे कारण बाजूला राहिले. ज्या व्यवहारात पैसा फिरतो, त्याची नोंद शासनाच्या हिशेबात होते. कर बुडाला की तो दिसतो, रोजगार बुडाला की तो मोजता येतो. प्रार्थनेला उलाढाल नसते. ज्याला किंमत नाही त्याला मूल्यही नाही, असे धरून चालण्याची चूक आम्ही अर्थशास्त्राची माणसे नेहमीच करीत आलो आहोत. त्या वर्षी ती शासनाने केली. हॉटेलातील नोकराचा रोजगार महत्त्वाचा होताच, त्याविषयी वाद नाही. परंतु मोजता येते तेवढेच खरे, हा हिशेब अपुरा आहे.

दुसरे कारण संख्येचे. शासन मोठ्या समाजांशी बोलले आणि बोलणे भागच होते. आषाढी वारी पायी निघाली नाही, पण संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपुरास नेण्याची तोड काढली गेली. गणेशमूर्तींच्या उंचीपासून बकरी ईद, नवरात्र, नाताळ यांपर्यंत प्रत्येक सणाच्या मार्गदर्शक सूचना आपण वृत्तपत्रांत वाचल्या. वल्हांडणाच्या अगर दारफाळणीच्या सूचना माझ्या तरी वाचनात आल्या नाहीत. ज्यांचे बोलण्याने भागले नाही, ते न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरे उघडण्यास अनुमती दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात मोहरमची प्रतीकात्मक मिरवणूक अगदी थोड्या माणसांनी काढण्यास परवानगी दिली. हे निर्णय योग्यच होते. पण न्यायालयात जाण्याचा खर्च हा आमच्या भाषेत स्थिर खर्च असतो. मागे लाख माणसे असोत की हजार, वकिलाचे शुल्क आणि खेपा तेवढ्याच. लाखांत वाटला तर तो दरडोई पैशांत येतो, हजारांत वाटला तर डोईजड होतो. म्हणजे सवलत मिळविण्याची वाट सर्वांना खुली, पण तिचा पथकर लहान समाजाला अधिक, अशी ही स्थिती होते.

अकरा महिन्यांतील सहा

२०२१ साली वल्हांडणाची पहिली रात्र २७ मार्चला आली. त्याच रात्री बारापासून राज्यात रात्रीच्या वेळी पाच किंवा अधिक जणांना एकत्र येण्यास पुन्हा मनाई झाली. दुसऱ्या दिवशी होळी होती. काका-काकूंनी त्याही वर्षी घरीच राहणे पसंत केले. पुढच्या वर्षी जाऊ, असे भावाशी टेलिफोनवर ठरले. एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत थोरले भाऊ गेले.

वडिलांच्या मागे मुलाने अकरा महिने रोज कद्दीश म्हणावयाचे, असा त्यांचा नियम आहे. आणि आरंभी सांगितल्याप्रमाणे दहा माणसे असल्याखेरीज कद्दीश म्हणता येत नाही. भावाचा मुलगा ठाण्यात, आणि मंदिर एप्रिलच्या आरंभापासून बंद. ऑगस्टमध्ये लस घेतलेल्यांना व्यापारी संकुलांत प्रवेश मिळाला, बंदिस्त सभागृहांतील लग्नांना शंभरांपर्यंत मुभा मिळाली. १६ सप्टेंबरचा दारफाळणीचा दिवस, ज्या दिवशी आपल्या मृतांचे विशेष स्मरण करावयाचे, तोही बंद दाराबाहेर गेला. धार्मिक स्थळे ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. अकरा महिन्यांपैकी जवळजवळ सहा महिने तोपर्यंत निघून गेले होते. ते परत मिळण्याची सोय नाही. चुकलेले भाडे मागाहून देता येते, चुकलेली परीक्षा पुन्हा देता येते. बापाच्या नावाने न म्हटलेले शब्द थकबाकीत जमा होत नाहीत. काका याविषयी कोणाला दोष देत नाहीत. “माणसं मरत होती, सर,” एवढेच ते म्हणतात. त्यांनी दोष दिला नाही, म्हणून इतरांनी विचारही करू नये असे मात्र नाही.

पुढच्या वेळेसाठी

या विचारावर एक रास्त आक्षेप येईल. साथीच्या काळातील नियम सोपा असला पाहिजे. चौकातील हवालदाराला पाच माणसे मोजता येतात, प्रत्येक धर्माचे शास्त्र तो कोठे शोधीत बसणार? रस्त्यापुरता हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु चार भिंतींच्या आतील जागेची गोष्ट निराळी आहे. उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे निम्म्या क्षमतेने उघडताना क्षमतेवर आधारलेला नियम शासनाने स्वतःच अमलात आणला होता. सभागृहाचे क्षेत्रफळ ठरलेले असते, खिडक्या मोजता येतात. तोच नियम प्रार्थनेच्या जागेस लावला असता, तर तीनशे माणसांच्या मंदिरात दहांना आपोआप वाव मिळाला असता, आणि त्यासाठी यहुद्यांना एकही खास सवलत द्यावी लागली नसती. लहान समाजाला न्याय द्यावयाचा म्हणजे त्याचे लाड करावयाचे, असा आपला एक समज असतो. नियम नीट आखला तर लाडांची गरजच पडत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, बंदिस्त जागेतील उपस्थितीची मर्यादा डोक्यांवर न ठरविता जागेवर ठरवावी, आणि ती लग्न, बाजार, करमणूक आणि प्रार्थना यांना एकसारखी लावावी. दुसरी, प्रत्येक मनाई हुकुमावर फेरविचाराची तारीख छापावी. वल्हांडणाची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते. आदल्या रात्री निघणारा हुकूम सणाबरोबर ती तयारीही बुडवितो. तिसरी, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जिल्ह्यातील प्रत्येक धर्मसमाजाची प्रार्थनास्थळे, त्यांच्या सणांच्या तिथी आणि त्यांच्या विधीला लागणारी किमान माणसे यांची एक साधी नोंदवही असावी. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. त्या दर्जाचा उपयोग अशा वेळी व्हावयाचा नाही, तर केव्हा?

हे आताच लिहिण्याचे कारण आहे. साथरोगांचा १८९७ चा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगात जन्मला आणि एकशे तेवीस वर्षांनंतर तोच आपल्या कामी आला. १४४ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ वे झाले. आकडा बदलला, अधिकार तोच राहिला. म्हणजे हत्यारे कपाटात तयार आहेत, आणि ती पुन्हा काढावी लागणारच नाहीत असे कोणी म्हणू नये. नाशिक हे तर सिंहस्थाचे शहर. लाखोंची गर्दी कशी हाताळावी, याचा विचार येथे पिढ्यान्पिढ्या होत आला आहे आणि तो झालाच पाहिजे. त्याच शहराने दहांचाही विचार करून दाखविला, तर तो त्याच्या लौकिकास शोभेल.

राज्यातील सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. त्या वर्षी १५ एप्रिलच्या वल्हांडणाला काका-काकू तीन वर्षांनी ठाण्याला गेले. मंदिरात दहांहून अधिक माणसे होती. रात्री भावाच्या घरी त्यांच्या नातवाने प्रश्न विचारला आणि काकांनी, आता घरातील वडील म्हणून, कथा वाचली. परत आल्यावर काकूंनी आमच्या घरी खजुराचा गोड लगदा वाटीतून पाठविला. मी आभार मानावयास गेलो, तेव्हा काका पोथी कापडात बांधून ठेवीत होते.